स्विमिंग पूलभोवती कृत्रिम गवत: आधी पाण्याची वाट, मग हिरवळ

आमच्या पूलभोवती पहिल्यांदा कृत्रिम गवत घातलं तेव्हा दोन महिने ते फार सुंदर दिसलं. तिसऱ्या महिन्यात वास यायला लागला, ओला टॉवेल बंद खोलीत विसरल्यावर येतो तसा. एक कोपरा उचलून पाहिला तर खालच्या काँक्रीटवर पाणी साचलेलं, गवताची पाठ मऊ पडलेली आणि बोटांना काळा बुळबुळीत थर लागलेला. गवतात काही खोट नव्हती. ते घालणाऱ्यांनी खालच्या जमिनीला ढाळच दिला नव्हता, आणि पाणी जाणार कुठे हे आम्हीही विचारलं नव्हतं. सगळं उचललं, जमीन नीट केली आणि पुन्हा घातलं. पुढे जे लिहिलं आहे ते त्या दुसऱ्या खेपेला शिकलेलं आहे.

बागेतलं कृत्रिम गवत पाऊस पडला की भिजतं आणि नंतर वाळतं. पूलच्या काठचं गवत रोज भिजतं, पुन्हापुन्हा त्याच जागी, तेही क्लोरीनच्या किंवा (मिठापासून क्लोरीन बनवणारा पूल असेल तर) मिठाच्या पाण्याने. शिवाय त्यावर चालणारी माणसं अनवाणी असतात. त्यामुळे बागेसाठी चांगलं ठरलेलं गवत इथे चांगलं ठरेलच असं नाही. निवड करताना रंग आणि मऊपणा शेवटी पाहा. पहिला प्रश्न एकच: या गवतावर पडलेलं पाणी कोणत्या वाटेने बाहेर जाईल?

गवत कुठे घालू नये, ते आधी ठरवा

कागदावर पूलचा साधा नकाशा काढा आणि त्यात गवताच्या जागांआधी बिनगवताच्या जागा रंगवा.

पाण्याला लागून किमान ३० सेंटिमीटरचा दगडी किंवा फरशीचा काठ मोकळा राहू द्या. जागा असेल तर अर्धा मीटर ठेवा. पाण्यातून वर येताना माणूस काठावर हातांचा सगळा भार देतो. तिथे गवताची कड असेल तर ती रोज ओढली जाते आणि सर्वांत आधी उचकटते. सुटलेली पाती आणि वाळूही थेट पाण्यात जात नाहीत, हा आणखी एक फायदा.

पंप आणि फिल्टरच्या आसपास गवत नको. फिल्टरमधून पाणी उलट दिशेने सोडून तो धुताना निघणारं घाण पाणी, सांडलेलं आम्ल, क्लोरीनच्या गोळ्यांची भुकटी हे सगळं तिथेच पडतं. शेगडी, शेकोटी आणि सिगारेट ओढण्याची जागाही गवतापासून लांब असावी. पूलसाठी घ्यायच्या गवताचं प्लास्टिक, म्हणजे पॉलिइथिलीन, साधारण ११० ते १३० अंश सेल्सिअसला वितळतं आणि त्याच्या बऱ्याच आधीपासून मऊ पडायला लागतं. एक निखारा पडला की कायमचा डाग.

खिडक्यांचा धोका बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. ऊर्जा वाचवण्यासाठी बसवलेल्या, उष्णता परतवणाऱ्या दुहेरी काचा कधी कधी किंचित आत ओढल्या जाऊन अंतर्वक्र होतात आणि आरशासारखे ऊन एका पट्ट्यात गोळा करतात. त्या पट्ट्यातलं गवत वितळून चपटं होतं, आणि दोष मात्र गवताच्या दर्जाला दिला जातो. उन्हाच्या एका दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत दर तासाला अंगणात येऊन खिडकीचा झगमगता पट्टा कुठून कुठे सरकतो ते पाहा. पट्टा गवताच्या जागेवरून जात असेल तर काचेला बाहेरून जाळी लावा किंवा तेवढ्या जागेत फरशी घाला. हे काम गवत विकत घेण्याआधीच करायचं.

ऊन आणि तळपाय

जिवंत गवत पानांतून पाणी सोडतं आणि थंड राहतं. प्लास्टिकला ही सोय नाही. कडक उन्हात कोरड्या कृत्रिम गवताचा पृष्ठभाग ६० अंशांच्या पुढे सहज जातो, हवा त्याहून कितीतरी थंड असली तरीही. पाणी मारलं की ते झटकन निवतं, पण ऊन तसंच असेल तर थोड्याच वेळात पुन्हा तापतं. लहान मुलांचे तळवे कोवळे असतात, आणि पाण्यातून निघालेलं मूल वाट न पाहता धावत सुटतं.

‘थंड राहणारं गवत’ अशी जाहिरात दिसली तर नमुना मागा आणि भर दुपारी तासभर उन्हात ठेवून त्यावर स्वतः अनवाणी उभे राहा. फिका रंग आणि कमी उंची यांनी थोडा फरक पडतो. सावलीने खूप पडतो. जिथे दिवसभर सावलीच नाही तिथे पूलपासून दारापर्यंतची मुख्य वाट गवताची करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे फिक्या रंगाचे खडबडीत दगड टाका आणि गवत दोन्ही बाजूंना ठेवा.

धागा, उंची आणि पाठ

गवताची पाती तीन प्रकारच्या प्लास्टिकची असतात. नायलॉन सर्वांत चिवट, दाबलं तरी पुन्हा उभं राहणारं. १९६६ साली अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरातल्या ॲस्ट्रोडोम या छताच्या मैदानात जे गवत आलं आणि ज्यामुळे जगाला कृत्रिम गवत ठाऊक झालं, ते नायलॉनचंच होतं. डोळ्यांवर येणारी तिरीप टाळण्यासाठी तिथल्या पारदर्शक छताची तावदानं रंगवली होती आणि उजेडाअभावी आतलं खरं गवत मेलं होतं. पण पूलच्या काठी नायलॉनच्या दोन अडचणी आहेत. ते थोडं पाणी शोषतं, आणि तीव्र क्लोरीन व आम्ल यांपुढे टिकत नाही. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त, पण राठ, आणि दबलं की दबलेलंच राहतं. मुख्य पातींसाठी ते नको. मुळाशी असणाऱ्या कुरळ्या तपकिरी धाग्यांसाठी चालतं. राहिलं पॉलिइथिलीन. ते मऊ असतं, पाणी जवळजवळ शोषतच नाही आणि पूलच्या पाण्यातल्या क्लोरीनला दाद देत नाही. पूलसाठी हेच घ्या.

उंची २० ते ३० मिलिमीटर पुरते. ४० मिलिमीटरचं गवत दुकानात गालिच्यासारखं वाटतं, पण काठावर ते आडवं पडतं, पाणी धरून ठेवतं आणि उशिरा वाळतं. दाटपणाचंही तसंच. विक्रेते दर चौरस मीटरचं धाग्याचं वजन आणि डेसीटेक्सचा आकडा सांगतात. डेसीटेक्स म्हणजे १० किलोमीटर लांब धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा तितकं पातं जाड. दोन नमुन्यांची तुलना करायला हे आकडे उपयोगी आहेत, पण सर्वांत मोठा आकडा म्हणजे पूलसाठी सर्वांत चांगलं गवत, असं समजू नका. मध्यम दाटीचं घ्या, म्हणजे पाती उभी राहतील आणि बुडाशी वाराही जाईल.

नमुना उलटा करा. पूलच्या बाबतीत गवताची पाठ पातींइतकीच महत्त्वाची आहे, आणि बहुतेक ग्राहक ती पाहतही नाहीत. विणलेल्या कापडात पाती शिवलेली असतात आणि मागून ती लॅटेक्स किंवा पॉलियुरेथेनच्या थराने धरलेली असतात. सतत ओल राहिली तर लॅटेक्स हळूहळू सुटायला लागतं आणि पाती गळतात. पॉलियुरेथेन ओलीत जास्त टिकतं. ते महाग असतं, पण पैसे वाचवण्याची ही जागा नाही.

पाणी पाठीतून खाली जायला वाट लागते. काही गवतांच्या पाठीला ठरावीक अंतरावर गोल भोकं असतात. काहींची पाठ पूर्ण झिरपती असते, थर फक्त टाक्यांपुरता दिलेला असतो. मिळाली तर दुसरी घ्या. भोकांच्या पाठीवर दोन भोकांमध्ये ओल रेंगाळते, आणि वास तिथूनच सुरू होतो.

नमुना घरी आणून एवढं करून बघा. दोन विटांवर आडवा ठेवून त्यावर तांब्याभर पाणी ओता आणि किती वेळात खाली पडतं ते पाहा. आठवडाभर पूलच्या पाण्यात बुडवून ठेवा. बाहेर काढल्यावर पाठ मऊ पडली आहे का, थर सुटतो आहे का ते तपासा. एक झुपका चिमटीत धरून जोरात ओढा. सहज निघाला तर तो रोल नको. रंगात शिसं नसल्याचा लेखी दाखला मागा. २००८ साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या जुन्या नायलॉन गवतात शिसं सापडल्यावर हा विषय गाजला होता, आणि तुमच्या गवतावर मुलं लोळणार आहेत. हमीपत्र घेताना ते पूलच्या काठच्या वापराला लागू आहे का, हे लिहूनच घ्या.

मोजणी, जिथे हमखास चूक होते

क्षेत्रफळ काढून त्यावर दहा टक्के वाढवायचे, हा सल्ला सरळ आयताकृती अंगणासाठी ठीक आहे. पूलभोवतीची जागा चौकटीसारखी असते, आणि सगळ्या तुकड्यांतली पाती एकाच दिशेला झुकलेली हवीत. दिशा बदलली की शेजारचे दोन तुकडे वेगवेगळ्या रंगांचे वाटतात.

समजा, पूल ८ बाय ४ मीटरचा आहे, सभोवार अर्ध्या मीटरचा दगडी काठ आणि त्यापलीकडे दीड मीटर गवत. बाहेरचा आयत १२ बाय ८ म्हणजे ९६ चौरस मीटर, आतला ९ बाय ५ म्हणजे ४५, तेव्हा गवताची जागा ५१ चौरस मीटर. आता रोल लांब बाजूला समांतर उलगडायचा. रोल २ मीटर रुंद असेल तर लांब बाजूंना १२ मीटरच्या दोन पट्ट्या लागतात. आखूड बाजू प्रत्येकी ५ मीटरची. तिथे दीड मीटर लांबीचे दोन पूर्ण तुकडे आणि एक अर्धा. दोन्ही अर्धे एकाच तुकड्यातून निघतात, म्हणजे एकूण पाच तुकडे, साडेसात मीटर. बेरीज साडेएकतीस मीटर, म्हणजे ६३ चौरस मीटर. दहा टक्के वाढवून ५६ मागवले असते तर काम अर्ध्यात अडलं असतं. रोल ४ मीटर रुंद मिळाला तर १२ मीटरच्या एकाच तुकड्यातून दोन्ही लांब पट्ट्या निघतात आणि १ मीटरची पट्टी उरते. आखूड बाजूंना दीड-दीड मीटरचे दोन तुकडे लागतात, आणि कमी पडणारा एकेक मीटर त्या उरलेल्या पट्टीतून येतो. एकूण १५ मीटर, ६० चौरस मीटर, आणि सांधेही कमी. कडा कापण्यासाठी दोन्हींत थोडी भर धरा. मागवण्याआधी हे गणित कागदावर तुकडे काढूनच करा. नंतर मागवलेला रोल वेगळ्या खेपेतला असेल तर रंगछटा जुळेलच असं नाही.

जमीन

मातीवर काम करायचं असेल तर आधी एक गोष्ट तपासा: पूल नवा आहे का? पूल बांधताना खणलेल्या खड्ड्याच्या कडेची माती परत भरलेली असते आणि ती कित्येक महिने खचत राहते. तिच्यावर घाईने गवत घातलं तर नेमकं काठाजवळ खोलगट पडतं आणि पाणी तिथेच थांबतं. भराव नीट बसू द्या, मग हात घाला.

१० ते १२ सेंटिमीटर माती काढा, मुळं आणि तण काढा, जमीन ठोकून घ्या. तिच्यावर माती अडवणारं पण पाणी सोडणारं जिओटेक्स्टाईल कापड अंथरा. मग ७५ ते १०० मिलिमीटर खडी, लहान-मोठी मिसळलेली आणि कोनदार. गोटे नकोत, गोल दगड एकमेकांत बसत नाहीत, पायाखाली सरकतात. एकदम सगळी ओतू नका. निम्मी पसरा, थोडं पाणी शिंपडा, धुम्मस करा, मग उरलेली. वरून एक ते दोन सेंटिमीटर बारीक कच पसरून सपाट करा. चुनखडीच्या दगडाची खडी टाळलेली बरी, कारण पूलच्या पाण्यासाठी वापरायचं हायड्रोक्लोरिक आम्ल कधी सांडलं तर चुनखडी फसफसून विरघळते आणि तिथे खड्डा पडतो.

ढाळ दर मीटरला एक ते दोन सेंटिमीटर, पूलपासून बाहेरच्या दिशेला. डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका. पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढा, दोरी बांधा आणि फळी फिरवा. बाहेरच्या कडेला चर खणून भोकांचा पाइप कापडात गुंडाळून ठेवा आणि वर खडी भरा. हा चर घराच्या पायाकडे किंवा शेजाऱ्याच्या कुंपणाकडे नेऊ नका. त्यातून मिठाचं पाणी येणार असेल तर झाडांच्या आळ्यांपासूनही दूर ठेवा.

गवत घालण्याआधी उघड्या खडीवर नळी सोडा. पंधरा मिनिटं मनसोक्त पाणी जाऊ द्या. कुठे थांबतं, कुठे उलटं पूलकडे येतं ते दिसेल. या वेळी झालेली चूक फावड्याने सुधारते. गवत चिकटवल्यावर तीच चूक सुधारायला सगळं उचलावं लागतं.

आधीच काँक्रीट किंवा फरशी असेल तर तिच्यावरही पाणी ओता आणि अर्ध्या तासाने परत या. डबकी दिसली तर ती जागा भरून ढाळ दुरुस्त करा. मग थेट गवत न घालता मध्ये खोबणींची ड्रेनेज शीट अंथरा, म्हणजे पाठीखालून पाणी आणि वारा दोन्ही खेळतील. ओलीत टिकणारं पॉलियुरेथेन गोंद कडांना आणि सांध्यांनाच लावा. आणि उताराच्या खालच्या कडेला गोंदाची सलग रेघ ओढू नका, मध्ये मध्ये बोटभर जागा सोडा. सलग रेघ म्हणजे बांध. सगळं पाणी त्यामागे अडतं. आमच्या पहिल्या खेपेला ढाळाच्या जोडीला ही चूकही झाली होती.

खिळा मारण्याआधी

पूलच्या काठाखाली पाण्याचे पाइप, दिव्यांच्या तारा आणि धातूचे भाग एकमेकांना जोडणारी तांब्याची तार असू शकते. त्या तारेमुळे पूलभोवतीच्या सगळ्या धातूचा विद्युत दाब सारखा राहतो आणि ओल्या माणसाला झटका बसत नाही. आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय मानकाचा ७०२ वा भाग खास पोहण्याच्या तलावांसाठी आहे, आणि त्यात काठापासून २ मीटरपर्यंतची जागा विशेष जोखमीची धरली आहे. तेव्हा बांधकामाचा नकाशा शोधा, जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून तारांच्या जागा खुणा करून घ्या आणि त्यानंतरच खणा किंवा ठोका. नकाशा मिळत नसेल तर काठाजवळ खिळ्यांऐवजी गोंद वापरा. इथे घाई करू नका, एवढी कळकळीची विनंती.

अंथरणं आणि जोडणं

रोल उलगडून काही तास उन्हात पडू द्या. सुरकुत्या सैल होतात आणि प्लास्टिक आपल्या मूळ मापावर येतं. माणसं जास्तीत जास्त जिथून पूल पाहतील त्या बाजूकडे पाती झुकलेली ठेवा. तशी ती दाट दिसतात.

कापताना नेहमी पाठीकडून, दोन टाक्यांच्या ओळींमधून, नव्या पात्याच्या सुरीने. वरून कापलं तर पाती अर्धवट तुटतात आणि सांधा टक्कल पडल्यासारखा दिसतो. रोलची मूळ कड जशीच्या तशी जोडू नका, दोन-तीन ओळी कापून टाका. सांध्याखाली साधारण ३० सेंटिमीटर रुंद टेप, त्यावर गोंद, आणि दोन्ही कडा एकमेकींना भिडतील पण चढणार नाहीत अशा. सांध्याच्या दोन्ही बाजूंच्या टाक्यांच्या ओळींमधलं अंतर बाकीच्या ओळींमधल्या अंतराएवढंच असावं. गोंदात दबलेली पाती लगेच बोटाने सोडवून वर काढा. गोंद लावताना खालची जागा कोरडी हवी, आणि किमान एक दिवस पोहायला सुट्टी.

खडीवर कडा धरायला १५ सेंटिमीटर लांब खिळे, दर १५ ते २० सेंटिमीटरला एक. मिठाच्या पूलजवळ स्टेनलेस स्टीलचेच घ्या, बाकी ठिकाणी जस्ताचा मुलामा चालतो. पाती बाजूला करून ठोका आणि डोकं पाठीच्या पातळीला आलं की थांबा. शेवटी सगळ्या खिळ्यांवरून जाड हातमोजा घालून हात फिरवा. जे हाताला लागेल ते उद्या पायाला लागेल. दगडी काठाशी पातींची टोकं काठापेक्षा जेमतेम ५ ते १० मिलिमीटर वर असावीत. जास्त असतील तर ठेच लागते.

पातींच्या बुडाशी भर घालायची का? खडीवर घातलेल्या गवताला थोडी वाळू हवी, तिने गवत जागेवर बसतं आणि पाती उभी राहतात. धुतलेली, गोल कणांची सिलिका वाळू, मुलामा दिलेली असेल तर उत्तम, दर चौरस मीटरला ५ ते ८ किलो. पसरताना तोंडाला मास्क बांधा, ही धूळ फुप्फुसांना घातक असते. पूलवर आच्छादन घाला आणि काठालगतची अर्धा मीटर पट्टी वाळूविना सोडा. रबराचे काळे दाणे मात्र अजिबात नकोत. ते तापतात, अंगाला चिकटतात आणि पाण्यात जाऊन फिल्टरमध्ये अडकतात. युरोपीय संघाने २०२३ च्या मायक्रोप्लास्टिकविषयक नियमात अशा दाण्यांची विक्री आठ वर्षांच्या मुदतीनंतर, म्हणजे २०३१ पासून, थांबवायचं ठरवलं आहे.

रोजची निगा

पहिले काही आठवडे सुटी पाती निघत राहतील. स्किमरची, म्हणजे पाण्यावर तरंगणारा कचरा ओढून घेणाऱ्या तोंडाची, टोपली रोज रिकामी करा, नाहीतर पंपाला पाणी ओढणं जड जातं. पाती निघणं हळूहळू थांबायला हवं. महिन्याभरानंतरही झुपके निघत असतील तर पाठ तपासा आणि विक्रेत्याला कळवा.

पूलच्या पाण्यात सामान्यतः लिटरला एक ते तीन मिलिग्रॅम क्लोरीन असतं. त्याने पॉलिइथिलीनचं काही बिघडत नाही. तरीही आठवड्यातून एकदा साध्या पाण्याने सगळं गवत धुवा, कारण पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. मिठाच्या पूलभोवती हे आठवड्यातून दोन-तीनदा लागतं. त्या पाण्यात लिटरला तीन-चार ग्रॅम मीठ असतं आणि ते पातींवर पांढरं, खरखरीत होऊन बसतं.

दर पंधरा दिवसांनी प्लास्टिकच्या ताठ केसांच्या कुंच्याने, पाती झुकली आहेत त्याच्या उलट दिशेने झाडा. तारेचा ब्रश कधीच नको. येण्याजाण्याच्या वाटेवर आणि आरामखुर्च्यांखाली थोडं जास्त झाडा आणि खुर्च्यांच्या जागा बदलत राहा. सुकलेली पानं कुजण्याआधी उचला. पातींच्या बुडाशी माती जमली की तिच्यात तण रुजतं आणि निचऱ्याची भोकंही बुजतात.

सावलीतल्या, सतत ओल्या कोपऱ्यात शेवाळ धरतं. समान पाणी घातलेलं पांढरं व्हिनेगर फवारा, अर्ध्या तासाने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. पण हे नीट लक्षात ठेवा: व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल क्लोरीनच्या गोळ्यांशी, भुकटीशी किंवा ब्लीचशी एकत्र येऊ देऊ नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि तो जीवघेणा ठरू शकतो. म्हणून पूलमध्ये औषध घालायचा दिवस आणि शेवाळ काढायचा दिवस वेगळा ठेवा, बादल्याही वेगळ्या. गवतावर न पातळ केलेलं ब्लीच ओतून ‘निर्जंतुक’ करायचा मोह टाळा. रंग उडतो आणि पाठीची वाट लागते. क्लोरीनची गोळी गवतावर पडली तर लगेच उचला आणि ती जागा बराच वेळ धुवा.

सनस्क्रीनच्या तेलकट डागांना कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब पुरतात. हे पाणी पूलमध्ये जाऊ देऊ नका, फेस येतो. च्युइंगगम बर्फाने कडक करून खरवडा. दाबाच्या पाण्याचं यंत्र वापरायचंच असेल तर कमी दाबाने, हातभर लांबून आणि तिरकं. सांध्यावर सरळ मारा केला तर टेप सुटतो.

वास येऊ लागला तर सुगंधी औषध शिंपडून तो झाकू नका. एक कडा उचला आणि खाली ओल आहे का पाहा. बहुतेक वेळा चर बुजलेला असतो किंवा एखादी जागा खचलेली असते. खचलेल्या जागी गवत मागे दुमडा, कच भरा, ठोका आणि परत बसवा, अर्ध्या दिवसाचं काम आहे. जळलेला किंवा वितळलेला भाग चौकोनी कापून काढा आणि उरलेल्या गवतातून त्याच मापाचा, त्याच दिशेचा तुकडा टेप लावून बसवा. यासाठी काम संपताना निदान एक चौरस मीटर गवत जपून ठेवा, शक्यतो अंगणातच एखाद्या आडबाजूला अंथरून. कपाटात ठेवलेला तुकडा नवा राहतो आणि पाच वर्षांनी डोळ्यांत खुपतो. बाहेरचा तुकडा बाकीच्या गवताबरोबरच फिका होत गेलेला असतो.

गवत कधी बदलायचं हे वर्षांवरून ठरवू नका. पाती दोन बोटांत चोळल्यावर तुटून भुगा हाताला लागला, म्हणजे उन्हाने प्लास्टिक ठिसूळ केलं आहे आणि तो भुगा पाण्यात जातो आहे. त्या दिवशी नव्या रोलची चौकशी सुरू करा, आणि जुना परत घेऊन पुनर्वापराला पाठवतील का, हेही तिथेच विचारा. पाती, कापड आणि गोंद वेगवेगळ्या पदार्थांचे असल्यामुळे हे गवत सहजी वितळवून पुन्हा वापरता येत नाही. खालची खडी मात्र टाकू नका. गवत उचलल्यावर ती उघडी पडेल तेव्हा धुऊन घ्या, दोरी लावून ढाळ पुन्हा तपासा आणि पंधरा मिनिटं नळी सोडून पाहा. पाणी नीट गेलं, तर दुसरं गवत त्याच जमिनीवर येईल.